क्विल्टी सर आणि चांगुलपणाचं काड

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मिटू नका, मिटलेत तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच करा. डिसेंबर महिना आहे, म्हणजे इकडे पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात ऐन उन्हाळा, नाताळ तोंडावर आलाय, आणि ऊन असं की घसरगुंडीवर बसलेलं पोर खाली पोचेपर्यंत अर्धं भाजून निघावं. शेतांत गव्हाची कापणी चाललीय. शाळेचं वर्ष संपत आलंय. आणि त्या उन्हात एक गृहस्थ, बर्फाची चित्रं असलेला टाय गळ्यात आवळून, घामाने निथळत शाळेच्या फाटकात उभे आहेत. त्यांच्यासमोर गव्हाच्या काडाचा एक गोल गठ्ठा आहे. गठ्ठा त्यांच्याहून उंच. फाटकात तो असा चपखल बसलाय की कोणाला आत जाता येत नाही आणि आतल्याला बाहेर येता येत नाही. गृहस्थ गठ्ठ्याकडे बघतायत. आणि गठ्ठ्यातून एक साप त्यांच्याकडे बघतोय.

हे आपले डर्मट क्विल्टी सर. कुलंबीन गावातल्या सेंट डिम्फना शाळेचे उपमुख्याध्यापक, तिसरीचे वर्गशिक्षक, आणि फेब्रुवारीतल्या एका सभेला उशिरा पोचल्यामुळे शाळेचे ‘स्वास्थ्य संयोजक’. म्हणजे शिक्षक, मुलं आणि पालक या सगळ्यांची मनं शांत नि प्रसन्न ठेवणं, हे त्यांचं काम. सापाशी नजरानजर झाली तेव्हा त्यांचं स्वतःचं मन कसं होतं, ते मी सांगत नाही. संत डिम्फना ही मनाने भंडावलेल्यांची कैवारी. त्या वर्षी तिला आमच्या गावात फार काम पडलं, एवढंच सांगतो.

आता हा गठ्ठा आला कुठून?

तो आला शिक्षकांच्या एका सभेतून. वर्ष संपताना शिक्षक कसे दिसतात ते तुम्हाला ठाऊक नसेल, कारण तुम्ही तेव्हा सुट्टीचे बेत करत असता. पिळून दोरीवर टाकायचं विसरलेल्या कपड्यासारखे दिसतात. अशा कपड्यांकडे बघत मुख्याध्यापिका फरूजिया बाई म्हणाल्या, “आपण सगळेच थकलोय. नाताळाआधी मनाला जरा विसावा मिळेल, वर्षाकडे मागे वळून बघता येईल, असं काहीतरी करू या. छोटंसंच.”

शाळेत कोणी ‘छोटंसंच’ म्हणालं की मुलांनो, पळून जावं. क्विल्टी सर पळाले नाहीत. ते उठून उभे राहिले.

“गव्हाण!” ते म्हणाले. “आमच्या लहानपणी चर्चमध्ये रिकामी गव्हाण ठेवायचे. एक चांगलं काम केलं की तिच्यात एक काडी टाकायची. मग बाळ येशू येतो तो आपल्या चांगुलपणाच्या मऊ बिछान्यावर निजतो. खर्च नाही, गडबड नाही, सभा नाही.”

‘सभा नाही’ ऐकून दोघी-तिघी शिक्षिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग या कामाला सभा लागणार नाहीत हे ठरवण्यासाठी तीन सभा झाल्या.

गावचे फादर एमेका. नायजेरियाचे, उंचेपुरे, बोलणं कमी आणि हसणं मोठं. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना समजावलं, “या हाताने केलेलं त्या हाताला कळू द्यायचं नाही. गपचूप चांगलं काम करा, गपचूप काडी टाका, गपचूप घरी जा.” शेजारी उभे असलेले क्विल्टी सर इतकं गंभीरपणे मान हलवत होते की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. मुलं पांगल्यावर फादर त्यांच्या कानाशी म्हणाले, “आणि सर, मोजू नका हं. मोजलंत की मेलात.”

“छे छे, फादर! चांगुलपणा काय मोजायची गोष्ट आहे?” सर म्हणाले.

दुपारी मोजायचं ठरलं.

त्याचं काय झालं, इथल्या शाळांना सुट्टी लागते नाताळाच्या आधीच. त्यामुळे बाळ येशूलाही शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चार दिवस आधी जन्म घ्यावा लागतो. शेवटच्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, त्याची मूर्ती गव्हाणीत ठेवतात. ती मूर्ती नेण्याचा मान कोणत्या वर्गाचा? यावर शिक्षकांत दरवर्षी धुसफूस होते. तेव्हा सरांनी तोड काढली. ज्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने निदान एक तरी काडी टाकली असेल, त्या वर्गाला मान. असे वर्ग अनेक निघाले तर ज्याच्या काड्या जास्त, त्याला. आणि काडीमागे खरोखर चांगलं काम आहे याची खात्री कशी करायची? मुलाने आपलं काम बाईंना नाहीतर सरांना सांगायचं, मग त्यांनी काडी द्यायची. म्हणजे फादरांचं ‘गपचूप’ सकाळी जन्मलं आणि शाळा सुटायच्या आत वारलं.

राहता राहिलं काड. सगळं गाव कापणीच्या धुळीत बुडालेलं. लोकांच्या केसांत काड, कानांत काड, चहात काड. पण शाळेत काड आणायचं तर धर्मप्रांताच्या कार्यालयाची परवानगी लागते. सरांनी फोन केला.

“काड की गवत?” पलीकडून विचारलं.

“काय फरक पडतो?”

“गवत म्हणजे चारा. चारा असेल तर जनावर असणार. जनावराची परवानगी वेगळी.”

“जनावर नाहीये हो. बाळ येशू आहे.”

“जिवंत?”

क्विल्टी सर थबकले. आयुष्यभर त्यांनी धर्म शिकवला होता. या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर देताना त्यांची जीभ रेटेना.

“मातीचा आहे,” शेवटी ते म्हणाले.

परवानगी मिळाली. ‘मातीच्या वस्तूखाली अंथरण्यापुरतं’ मिळाली.

त्या संध्याकाळी सरांनी कुंपणावरून शेजारच्या मर्व हॅडोला हाक मारली. मर्व शेतकरी, कापणीच्या दिवसांत तो फक्त जेवायला घरी यायचा. “मर्व, थोडं काड मिळेल का रे? शाळेसाठी. अगदी थोडं.”

“काड? मास्तर, काड मागायला एवढं लाजताय? उद्या सकाळी पोचवतो.”

आता ‘थोडं’ म्हणजे किती, हे माणसागणिक बदलतं. मर्वकडे काड ज्या सगळ्यात लहान मापात होतं ते माप होतं एक गठ्ठा. तो त्याने पहाटे ट्रॅक्टरवरून आणला, फाटक बंद दिसलं म्हणून फाटकातच उतरवला, आणि तो कापणीला निघून गेला. सापाला कोणी विचारलं नाही.

सर्पमित्र शेजारच्या गावाहून यायचे होते. ते येईपर्यंत कुंपणावरून आत उतरलेली मुलं वर्गांत कडीकुलपात आणि उरलेली रस्त्यावर. त्या दिवशीच्या वेळापत्रकात ‘शांत बसून आत्मचिंतन’ असा एक तास होता. वर्षभरात तेवढा एकच तास पूर्ण यशस्वी झाला.

रस्त्यावर ‘पालक आणि मित्र मंडळा’च्या अध्यक्ष लिनेट पास्को बाई उभ्या होत्या. या मंडळात पालक पुष्कळ होते. मित्र कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“मी आधीच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या, “काडाऐवजी लोकर वापरा. लोकरीत साप नसतात.”

“लोकरीत मेंढ्या असतात,” बोलावून आणलेला मर्व म्हणाला. “आणि तुम्ही ओरडू नका बाई. त्याला कमी ऐकू येतं, पण तुमचं येईल.”

साप गेला. गठ्ठा ढकलत ढकलत चर्चच्या भिंतीशी नेला. आणि एकदाचा चांगुलपणा सुरू झाला.

मुलांनो, तुम्ही कधी चांगुलपणाची साथ बघितली आहे? मी बघितली आहे. गोवर बरा. पहिल्या दिवशी पडलेली टोपी उचलायला चार जण धावायचे. दुसऱ्या दिवशी टोपी पडायची वाट बघणं सोडून टोप्या पाडायला लागले. चौथीतल्या दोघांनी ठरवून घेतलं, आज तू पड, मी उठवतो. उद्या मी पडतो, तू उठव. एका बिचारीला तिच्या मैत्रिणीने आधी ढकललं, मग प्रेमाने उठवलं, मग तिच्या गुडघ्याला पट्टी लावली आणि तीन काड्या वसूल केल्या. पहिलीच्या बाई तर थकून ‘आज मी कोणाला चावलो नाही’ यालाही काडी द्यायला लागल्या.

शाळेशेजारी जुन्या मठात सिस्टर इग्नेशिया एकट्या राहायच्या. वय नव्वदीच्या आसपास, काठी हातात आणि जीभ जाग्यावर. एके दिवशी त्या काठी आपटत क्विल्टी सरांच्या वर्गात आल्या.

“डर्मट, तुला पाढे मी शिकवले ना?”

“हो, सिस्टर.” सर उभे राहिले. पन्नाशीचा माणूस क्षणात आठ वर्षांचा झाला.

“मग हिशेब कर. सकाळपासून माझा कचऱ्याचा डबा बाहेर गेलाय नि आत आलाय, गेलाय नि आलाय. माझ्या गुलाबांना इतकं पाणी घातलंय की ते पोहायला लागलेत. आणि मला तीन वेळा रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचा नव्हता रे! मी दारात उन्हाला बसले होते!”

“मुलांच्या मनात चांगुलपणा रुजतोय, सिस्टर.”

“रुजू दे. पण माझ्या अंगणात नको. माझी या दयेपासून सुटका कर.”

पालकही मागे नव्हते. ‘आमच्या मुलाने कुत्र्याला पाणी दिलं, त्याला एक काडी, आणि कुत्रा आमचाच म्हणून अर्धी कापली, हा कुठला न्याय?’ असले निरोप रोज. चर्चमधल्या येशूजन्माच्या देखाव्यातली गव्हाण भरत चालली. काठोकाठ झाली, मग ढीग झाला, ढिगामागे गाढव दिसेनासं झालं, मग संत जोसेफ खांद्यापर्यंत बुडाले. सगळे म्हणाले, काय हा चांगुलपणा! कोणाच्याही मनाला विसावा नव्हता. शिक्षक पूर्वी थकलेले होते, आता थकून भांडत होते. स्वास्थ्य संयोजकांना झोप येत नव्हती.

झोप न येण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. सगळ्या शाळेत एकच वर्ग असा होता ज्यातल्या एका मुलीची एकही काडी नव्हती. तो वर्ग तिसरीचा. म्हणजे खुद्द क्विल्टी सरांचा.

मुलीचं नाव अगाता ब्रुनेत्ती. आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची खोड. सरांनी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं.

“अगाता, बाळा, तू कधीच कोणाला मदत करत नाहीस का?”

“करते, सर.”

“शाब्बास! मग सांग बरं काय केलंस. सांगितलंस की ही घे काडी.”

“नाही सांगत.”

“का गं?”

“सांगितलं की संपतं, सर. फादर म्हणाले ना, या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही.”

“हो, पण ते… ते हातांबद्दल होतं. मला सांगायला काय हरकत आहे?”

“तुम्ही फादरांच्या शेजारीच उभे होतात, सर. तुम्ही मान पण हलवलीत.”

सरांनी चष्मा पुसला. मग टेबलावरची पेन्सिल कोपराने हळूच ढकलली. “अरेरे! माझी पेन्सिल पडली.”

अगाताने ती उचलून दिली.

“वा! किती गुणी मुलगी! ही घे तुझी काडी.”

“ही नाही मोजायची, सर. तुम्ही मुद्दाम पाडलीत.”

त्यानंतरच्या दिवसांत सरांनी तिच्या वाटेवर काय काय पाडलं! टोपी पाडली, खडू पाडले, गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा पाडला. अगाता प्रत्येक वेळी सगळं नीट गोळा करून द्यायची आणि कीव केल्यासारखं त्यांच्याकडे बघून निघून जायची. एकदा सर लंगडण्याचं सोंग करत चालले. तिने विचारलं, “काल डावा पाय दुखत होता ना, सर?”

या सगळ्यात अगाताचं जे व्हायचं ते झालंच. वर्गाला कळलं. हॅमिश नावाचा एक पोरगा होता, काड्यांच्या बाबतीत वर्गात पहिला, त्याने सगळ्यांदेखत सुनावलं, “तुझ्यामुळे आपला मान जाणार. एक खोटंच काहीतरी सांग ना! मी सांगतो तसं!” डबा खायच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. एका कोपऱ्यात बसून ती एकटीच सँडविच खायची. ज्यांनी त्या दिवशी तिला एकटं टाकलं, त्यांच्यापैकी दोघांनी दुपारी ‘सर्वांशी प्रेमाने वागलो’ म्हणून काडी नेली. आणि क्विल्टी सरांनी ती दिली.

देताना त्यांचं मन जरा चरकलं, हेही खरं. तिला पोटाशी धरावं, म्हणावं, जाऊ दे ती काडी. पण तेवढ्यात फरूजिया बाई दारातून डोकावल्या. “सर, फक्त तुमचाच वर्ग राहिला ना?” असं इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मन चरकायचं थांबलं आणि मान ताठ झाली.

“अगाता,” सर म्हणाले, “शेवटची संधी. उद्या मिस्साच्या आधी मला काहीतरी सांग. नाहीतर सगळ्या वर्गाचा मान तुझ्यामुळे जाईल. कळलं?”

 अगाता म्हणाली, “कळलं, सर.” आणि तिने सांगितलं काहीच नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी चर्चमध्ये पंखे गरम हवा ढवळत होते. मुलं पांढऱ्या शर्टांत, पालक कपाळ पुसत. तिसरीचा वर्ग तोंड पाडून बसला होता, आणि त्या वर्गाच्या अगदी टोकाला, मध्ये एक हात अंतर राखून, अगाता. मान पाचवीला मिळाला होता. पाचवीचा रुपर्ट लांगन मखमलीच्या उशीवर बाळ येशूची मूर्ती घेऊन, जणू स्वतःच जन्मल्यासारखा, ऐटीत वेदीकडे निघाला.

गव्हाणीपाशी पोचला. वर बघितलं. हो, वर. गव्हाण आता गव्हाण नव्हतीच, काडाची टेकडी होती. रुपर्टने टाचा उंचावून मूर्ती शेंड्यावर ठेवली. सगळ्यांनी हात जोडले.

आणि बाळ येशू घसरला.

आधी हळूच, मग घसरगुंडीवरून यावा तसा, थेट. क्विल्टी सर पहिल्या रांगेतून उडाले. असे उडाले की सिस्टर इग्नेशियांनी नंतर आठवडाभर ते सगळ्यांना सांगितलं. मूर्ती त्यांच्या छातीवर झेलली गेली आणि ते स्वतः फरशीवर उताणे पडले. टाय मानेमागे, चष्मा संत जोसेफच्या पायाशी, तोंडात काड.

“मोडली का?” फरूजिया बाईंनी विचारलं.

“नाही,” सर पडल्या पडल्या म्हणाले.

“मूर्तीचं विचारतेय मी.”

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, फितीने बांधा. कोणी म्हणालं, बाळाला बसवा. मर्व मागून ओरडला, “एक खिळा मारा, मास्तर!” रुपर्टने आणखी एकदा ठेवून बघितली. आणखी एकदा घसरली. या वेळी फादरांनी झेलली.

“सोपं आहे,” फादर म्हणाले. “थोडं काड काढा. मध्ये खळगा करा.”

“काढा?” लिनेट पास्को बाई उभ्या राहिल्या. “कोणाचं काढणार, फादर? त्यातली प्रत्येक काडी कोणाच्या ना कोणाच्या मुलाची आहे. ज्याचं काढाल, त्याच्या आईबापांना उत्तर कोण देणार?”

“आमच्या मुलाच्या वरच आहेत, ताज्या,” एक बाप म्हणाला. “खालच्या जुन्या काढा.”

“खालच्या पहिल्या दिवसाच्या आहेत! त्या तरी खऱ्या आहेत!” दुसरीकडून कोणी आई कडाडली.

फरूजिया बाईंनी क्विल्टी सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे. समिती नेमावी का, असंही कोणीतरी पुटपुटलं. चर्चभर माणसं, सगळी चांगली, सगळ्यांच्या काड्या मोजलेल्या, आणि बाळाला पाठ टेकायला वीतभर जागा करायची कोणाची हिंमत होईना. फादर एमेका मूर्ती हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू त्या दिवशी कुठे गेलं होतं, कोणास ठाऊक.

तेवढ्यात तिसरीच्या रांगेच्या टोकाला बाक करकरला.

अगाता उठून पुढे आली. हॅमिशने तिचा फ्रॉक ओढला तो तिने सोडवून घेतला. गव्हाणीपाशी येऊन तिने सरांच्या डोळ्यांत बघत विचारलं, “सर, यात माझी एकही काडी नाही ना?”

“नाही,” सर म्हणाले. पडलेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज होता.

“मग मी काढते. मला कोणी रागावणार नाही. जेवढं रागवायचं तेवढं रागावून झालंय.”

आणि तिने दोन्ही हात त्या टेकडीत कोपरापर्यंत घातले. ओंजळ भरभरून काड काढून ती फरशीवर टाकायला लागली. पाडलेल्या टोप्यांचं काड, ढकलून उठवलेल्या मैत्रिणीचं काड, न चावल्याचं काड, आणि त्यात मिसळलेलं खरंखुरंही, कारण आता ते वेगळं करता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. रुपर्टच्या आईच्या तोंडून “अगं, अगं” निघालं, पण पुढे काही निघालं नाही. संत जोसेफ खांद्यापासून मोकळे झाले. गाढव दिसलं. मध्ये एक खळगा झाला, मूठभर काड तळाशी ठेवून केलेला, लहान मुलाला पुरेल एवढा.

फादरांनी खाली वाकून मूर्ती तिच्या हातांत दिली. तिने ती ठेवली. मूर्ती हलली नाही.

तिने आधी लपूनछपून काय काय चांगलं केलं होतं, हे मुलांनो, मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

क्विल्टी सर गुडघ्यांवर उठले होते. इतक्या दिवसांची सवय, दुसरं काय! त्यांनी फरशीवरून एक काडी उचलली, ती अगातापुढे धरली, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा भरल्या आवाजात घोषणा करायला तोंड उघडलं.

अगाताने ओठांवर बोट ठेवलं. “हळू, सर,” ती कुजबुजली. “बाळ झोपलंय.” आणि बाह्यांवरचं काड झटकत, आल्या वाटेने जाऊन ती आपल्या जागी बसली.